डाळ-दूध बंद

मी लठ्ठ होते. आपल्या तरुणपणाबद्दल सांगताना बायका रूप जरा घासूनपुसून सांगतात, पण माझ्या बाबतीत ते जमण्यासारखं नाही. तेरला माहेरी असताना माझ्या लठ्ठपणाचं कौतुकच होतं. तेरणेच्या काठची काळी जमीन, गोठ्यात दुभत्या म्हशी, सुगीत ओसरीवर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. येता-जाता मूठभर शेंगा तोंडात टाकायच्या आणि वर ताक प्यायचं. अव्वा, म्हणजे माझी आई, मला पाव्हण्यांपुढं मुद्दाम पाणी द्यायला पाठवायची. मुलगी वाळकी असली की लोक तिला नाही, तिच्या घराला नावं ठेवत. मला बघायला भूमहून लिंगायत वाण्याच्या घरची माणसं आली, तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी माझा दंड दाबून बघितला आणि म्हणाल्या, "पोरगी घट्ट हाय." झालं, लग्न ठरलं.

पुढं काही वर्षं मूल झालं नाही, आणि तोच दंड सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. ते लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, निजामाचं सरकार शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्य उचलत होतं. पण आमच्या घरात या कशाचीच चर्चा नसे. चर्चा एकच, माझं पोट. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते, कारण ऐकणाऱ्याला सासू दुष्ट असली की बरं वाटतं. तरुणपणी विधवा होऊन त्यांनी एका मुलावर घर आणि दुकान तोलून धरलं होतं. त्या मुलालाही मूल नसावं, हे त्यांना सोसवत नव्हतं.

एक दिवस तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "पुढच्या पाडव्यापर्यंत वाट बघू. न्हाईतर दुसरी आनावी लागंल. आनि परकी कशाला आनायची? तुझी धाकटी हायेच की."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. धाकटी बहीण माझ्यापेक्षा बरीच लहान. अव्वा शेतात गेली की तिला कडेवर घेऊन मीच हिंडायची. तिला दात आले ते सगळ्यांत आधी मी बघितले होते. तिचं लग्न कुठं होईल, नवरा कसा असेल, यावर आम्ही दोघी चुलीपुढं तासन्‌तास बोललो होतो. त्या सगळ्या बोलण्यात माझा नवरा कुठंच नव्हता. सवत येणं मी एक वेळ गिळलं असतं. पण माझी रिकामी कूस तिच्या जिंदगीनं बुजवायची, हे मला मरणाहून वाईट वाटलं. तेव्हापासून मला मूल हवं होतं ते निम्मं माझ्यासाठी आणि निम्मं तिच्यासाठी.

सुईण आली. तिनं पोट चाचपून निदान केलं, "कुशीवर चरबी चढलीया. बी पडतं, पर रुजत न्हाय." मग बाजारच्या दिवशी परंड्याहून एक म्हातारे हकीम भूमला येत, त्यांना घरी बोलावलं. मी पडद्याआड बसले, हात तेवढा बाहेर. त्यांनी बराच वेळ नाडी धरली. मग म्हणाले, "बेटी, घी-गुड बंद करो. चलो-फिरो, मेहनत करो. मगर दाल, दूध, छाछ नक्को छोडो. भुकी नक्को मरो. नै तो चरबी के पैले ताकत जाती."

इतकं साधं सांगितलं होतं त्या माणसानं. आज कुणी डॉक्टर याहून वेगळं सांगणार नाही. पण ते उंबऱ्याबाहेर पडले न पडले तोच आत्याबाईंनी फेटाळून लावलं.

"डाळ-दूध खाऊन कुनी बारीक झालंय व्हय? तालमीतली पोरं बघ की. काय खात्यात? दूध, भिजवल्यालं हरबरं, शेंगदानं. आनि रेड्यावानी फुगत्यात. ज्येनं पैलवान फुगतो, त्येनं बाई फुगायची न्हाय?"

मलाही ते पटलं. आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती. पहाटे जोर-बैठकांचे हुंकार ऐकू यायचे आणि ती पोरं भिजवलेले हरभरे मुठीमुठीनं खाताना मी डोळ्यांनी बघितली होती. मांसमच्छी तर आमच्या घराच्या सावलीलाही नसायची, गळ्यात लिंग बांधणारी माणसं आम्ही. अंगात जोर भरायचा तो डाळी, शेंगा आणि दूधदुभत्यातूनच. नेमकं तेच माझ्या ताटातून उचललं गेलं.

उरलं काय? जोंधळ्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी अंबाडीची भाजी. आमटीच्या वरचं पाणी मला, खालची डाळ घरच्यांना. सोमवार आधीपासून होताच, त्यात शनिवार घातला, आणि श्रावण आला तसं महिनाभर एकवेळ जेवण. उपासाच्या भगरीतला दाण्याचा कूटसुद्धा आत्याबाई माझ्या वाट्यातून वेगळा काढायच्या. मेहनतीचं म्हणाल तर पाणक्या आणायचा ती पाण्याची खेप माझ्याकडं आली. दळण सगळं माझ्याकडं. ते कमी पडलं तर शेजारच्या बाळंतिणीचं दळणही आत्याबाई हौसेनं मागून आणायच्या. घराच्या पुढच्या बाजूला आमचं दुकान, तिथं तुरीची, हरभऱ्याची, मुगाची पोती छताला टेकलेली. त्या वासात मी दिवसभर उपाशी वावरायची. वाण्याच्या घरात डाळीवाचून राहणारी बाई मी एकटीच असेन.

एक सांगायला हवं. माझं दूध बंद झालं त्या दिवसापासून आत्याबाईंनीही दूध सोडलं. "सुनंच्या कुशीत काय धरंपर्यंत मला बी नगं," म्हणाल्या. दोघी समोरासमोर बसून कोरडी भाकरी खायचो. त्यामुळं मला त्यांच्यावर रागावताही येत नसे.

मालक, म्हणजे माझा नवरा, भला माणूस. आईपुढं ब्र काढत नसत, पण संध्याकाळी दुकान बंद केलं की मला गोण्या तोलायच्या मोठ्या काट्यात बसवून वजन करायचे. पहिल्यांदा बसवलं तेव्हा दुसऱ्या पारड्यात मापांवर मापं टाकत हसत म्हणाले, "तुझ्यापरीस तुरीची गोनी बरी. बोलत तरी न्हाय." मीही हसले होते. श्रावण संपता संपता पुन्हा बसवलं, तर माझं पारडं पार वर. ते हसले नाहीत. माझ्या खांद्याची वर आलेली हाडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "आता पुरं कर की." मी म्हटलं, "हे तुमी आत्याबाईंना सांगा." त्यांनी मापं उचलून जागेवर ठेवली आणि तो विषय तिथंच संपला.

भादव्यात आम्ही सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेलो. बैलगाडीचा प्रवास, त्यात माझा कडकडीत उपास. देवळाभोवती वानरांचे कळपच्या कळप असतात. येणारा प्रत्येक भाविक त्यांना फुटाणे-शेंगदाणे घालतो, तो तिथला रिवाजच. आत्याबाईंनी माझ्या ओटीत फुटाण्यांची पुडी सोडली आणि म्हणाल्या, "वानरांना घाल, पुण्य लागंल," आणि त्या आत गेल्या. मी पायरीवर बसून मूठ पुढं केली. एक वानरी पोटाला पिल्लू धरून आली. माझ्या तळहातावरचा एकेक फुटाणा उचलून सावकाश सोलून खायला लागली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी तिच्यापुढून मूठ मागं घेतली आणि उरलेले फुटाणे टरफलासकट माझ्याच तोंडात कोंबले. वानरीनं माझ्याकडं दात विचकून बघितलं. मला इतकं रडू आलं की फुटाणे गिळता येईनात. देवाच्या दारात मूल मागायला आले होते आणि लेकुरवाळीच्या तोंडचं काढून खात होते.

त्यानंतर माझं शरीर काही तरी वेगळंच वागायला लागलं. दंड-मांड्या काटक्या झाल्या, केस विंचरताना पुंजके हातात यायचे, जात्याचा खुंटा धरला की डोळ्यांपुढं काजवे. पण पावलं मात्र सुजली. बोटानं दाबलं तर खळगा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. पोटही जरा पुढं आलं. सकाळी उठलं की उमासे. आणि पाळी चुकली.

आमच्यात बाजूला बसायची रीत नाही. गळ्यात लिंग असताना विटाळ कसला, असं आमचे जंगम सांगत. त्यामुळं इतर घरांसारखं सुनेचं पाळीचं वेळापत्रक गल्लीला पाठ नसतं. पण आत्याबाईंची नजर परसातल्या वईवर, काट्यांच्या कुंपणावर असायची. तिथं माझी फडकी वाळत पडलेली दिसली नाहीत, तसं पहिल्यांदा त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदाही दिसली नाहीत, तेव्हा त्यांनी माझ्या पावलांकडं बघितलं, पोटाकडं बघितलं आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "व्हय गं?" एवढंच विचारलं.

सुईण आली, पोट चाचपलं. "हाय. लागलंय," म्हणाली. "म्या म्हनलं नव्हतं? चरबी उतरली की रुजंल."

त्या दिवसाचा आनंद मला अजून आठवतो, आणि आठवला की चीड येते. मी देवघरात जाऊन लिंग तळहातावर घेतलं आणि नुसती बघत बसले, मागायला काही उरलंच नव्हतं. मालकांनी त्या दिवशी गिऱ्हाइकाला तूर जोखून दिली ती हरभऱ्याच्या भावानं. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरायला अव्वा आली, गाजावाजा न करता, घरातल्या घरात. बरोबर धाकटी. तिनं स्वतःच्या हातानं शिवलेलं टोपडं आणलं होतं. टाके वेडेवाकडे होते. ते माझ्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "अक्का, ह्याला पैल्यांदा मी घेनार. सुईनीच्या बी आदुगर." मी तिला जवळ ओढलं. सुटलीस बाई, असं मनात म्हटलं. तिला बिचारीला कशातून सुटली तेही ठाऊक नव्हतं.

आणि मग मला खायला मिळालं. काय सांगू! बारीक होण्याचं काम झालं होतं, आता मी दोन जिवांची होते. आत्याबाई स्वतः चुलीपुढं बसायच्या. हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, घट्ट पिठलं, शेंगदाण्याचे लाडू, सकाळ-संध्याकाळ धारोष्ण दूध. त्यांनीही माझ्याबरोबर दूध घ्यायला सुरुवात केली. मला डोहाळे डाळीचेच लागले. कच्ची हरभऱ्याची डाळ ओंजळीनं खायची. घरातली सगळी हसायची, "पैलवान हाय पोटात!" मी खात होते आणि माझं अंग ते वाळूत पाणी मुरावं तसं ओढून घेत होतं. पावलांची सूज उतरली. केस गळायचे थांबले. जात्यावर बसले तर आत्याबाई ओरडून उठवायच्या. इतकं सुख मला त्या घरात आधी मिळालं नव्हतं, नंतरही मिळालं नाही.

पोट मात्र वाढत नव्हतं. उलट सूज उतरली तसं सपाट व्हायला लागलं. मी लुगड्याचा ओचा जाड करून खोचायची. "पैलं हाय, उशिरा दिसतं," असं सुईण सांगायची. मीही तेच स्वतःला सांगत राहिले.

संक्रांत झाल्यावर एक दिवस सकाळी परसात भांडी घासत होते. ओटीपोटात ओळखीची कळ आली. उठले, बघितलं आणि तिथंच बसले. ना जास्त, ना कमी. नेहमीसारखीच पाळी.

पुढं कितीतरी वर्षांनी एका दवाखान्यात एक नर्सबाई एका पोराच्या सुजलेल्या पावलावर बोट दाबून त्याच्या आईला समजावत होती. पोराला डाळ, दूध, शेंगा मिळाल्या नाहीत, प्रोटीन कमी पडलं की पायावर असं पाणी चढतं. बायकांची तर उपासमारीनं पाळीही थांबते, आणि नीट खायला मिळालं की पुन्हा सुरू होते. मी बाकावर बसून ऐकत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमाला बरं वाटंना का?" मी म्हटलं, "बरंच वाटतंय." मूल कधी नव्हतंच. जे होतं ती भूक होती, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून ओटी भरून, लाडू खाऊन साजरी केली.

पण हे नंतरचं. त्या सकाळी सुईणीला बोलावलं. तिनं दार लावून पोट दाबून बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. "काय नव्हतंच गं बाई," पुटपुटली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पडलं म्हनून सांगते. कूस धरती एवढं तरी कळंल. सासू अजून वरीसभर थांबंल." तिला स्वतःचीही अब्रू राखायची असेल, पण माझ्यावर दया नव्हती असं नाही. मी मान हलवली. धाकटीचं टोपडं माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी कसलंही खोटं बोलायला तयार होते.

सुईणीनं बाहेर जाऊन सांगितलं. आत्याबाई आत आल्या. रडत नव्हत्या. माझ्यासमोर पाटावर बसल्या, माझ्या गळ्यातलं लिंग सोडून माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आता सांग. पडलं, का नव्हतंच?"

लहानपणी बापूंनी, माझ्या वडिलांनी, शिकवलं होतं, ते तळहातावर असताना वेडंवाकडं बोलायचं नाही. आंघोळ करून रोज तसंच बसत आले होते. खोटं अगदी ओठावर होतं. सुईणीनं सोपं करून दिलं होतं, एक शब्द फक्त. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "नव्हतंच, आत्याबाई."

त्यांनी लिंग माझ्या तळहातावरून उचलून पुन्हा माझ्या गळ्यात बांधलं. मग म्हणाल्या, "रिकाम्या पोटाला दूध पाजत हुते म्या," आणि पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडल्या. मीही त्यांच्या गळ्यात पडून रडले. पण लिंगाचा मला राग आला तो आलाच. एवढ्या वर्षांत त्यानं माझं एकही ऐकलं नाही, आणि मी मात्र त्याच्यापुढं एक खोटं बोलू शकले नाही. तेव्हापासून मी पूजा करते ती हाताला सवय आहे म्हणून.

पाडव्याच्या आधीच आम्ही तेरला गेलो. गाडीत आत्याबाई म्हणाल्या, "तूच माग तिला. तू मागितलीस तर सवत म्हनून न्हाय, भन म्हनून नांदवशील." मी मागितली. बापूंनी मान खाली घालून सुपारीचा कुटका बराच वेळ दाताखाली धरला आणि म्हणाले, "परकी येन्यापरीस घरचीच बरी." त्या दिवशी अव्वानं मला जेवायला वाढलं, पण माझ्याकडं बघून वाढलं नाही. धाकटी दाराआड होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, आणि मग तोही थांबला.

लग्न झालं. धाकटी भूमला आली. अंगानं माझ्या अगदी उलट, शेवग्याच्या शेंगेसारखी लांब, बारीक. चार दिवस गेल्यावर आत्याबाईंनी मला हाक मारली, "पोरीच्या अंगात कायच न्हाय. अशीला कसं धरंल? सकाळ-सांज दूध दे तिला, आनि जेवताना डाळ खालची घाल, वरचं पानी नगं." रागानं म्हणाल्या नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवूनच म्हणाल्या.

मी दूध तापवलं, पेल्यात ओतलं आणि तिच्यापुढं धरलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "अक्का, मला नगं. तूच पी."

"पी," मी म्हटलं. ती हलली नाही. तेव्हा मी तिच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा, "पी म्हनते ना!"

तिनं पेला घेतला. डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळून पेल्यात पडत होतं, तरी ती पीत होती. ती माझी बहीण होती, वाळकी होती आणि तिनं ते दूध शेवटच्या घोटापर्यंत प्यावं असं मला मनापासून वाटत होतं. पण त्यानं तिला मूल व्हावं असं मात्र वाटत नव्हतं. पेला रिकामा होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.